ऋतुबदल आणि घोड्यांची चंचलता : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात वसलेल्या माथेरानमध्ये खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. त्यामुळे पर्यटकांच्या वाहतुकीत घोड्याला आजही महत्त्वाचे स्थान आहे. लगतच्या खालापूर तालुक्यासह या परिसरात तुळशीच्या लग्नानंतर वरातीसाठीही घोडे लागतात. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की शांत घोडाही बुजतो, फुरफुरतो, प्रसंगी उधळतो. त्यास ‘हवेचा गुण’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या चंचलतेची कारणे तपासली आहेत.

१) दिनमान व प्रजनन :
घोडी हा दीर्घ दिनमानात माजावर येणारा प्राणी आहे. दिवस मोठा होऊ लागला की पिनिअल ग्रंथीतून स्रवणाऱ्या मेलाटोनिनचा काळ घटतो आणि प्रजनन संप्रेरके कार्यान्वित होतात. सुमारे २१ दिवसांच्या ऋतुचक्रात ५ ते ७ दिवस घोडी माजावर असते. या काळात ती व तिच्या सहवासातील नर अस्वस्थ होतात. तथापि लंडन येथे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत सुमारे पावणेनऊ तासांचे अंतर असते, तर १९ अक्षांशावरील कर्जतला ते केवळ सव्वादोन तासांचे आहे. शिवाय आश्विन-कार्तिकात दिवस लहान होत जातो. म्हणून युरोपीय ग्रंथांतील ‘वसंतातील चंचलता’ हे स्पष्टीकरण येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही.

२) वैरण व चंदी :
घोड्याचे जठर लहान असून तंतुमय वैरणीचे किण्वन मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव करतात. सुक्या वैरणीवरून एकदम कोवळ्या हिरव्या गवतावर आणल्यास, अथवा चंदी अचानक वाढविल्यास, हे संतुलन ढळते व आतड्यात आम्लता वाढते. परिणामी पोटशूळ किंवा खुरांचा दाह संभवतो. अधिक पिष्टमय आहारावरील घोडे अधिक बिचकतात, असेही प्रयोगांत आढळले आहे.

३) सक्तीची विश्रांती :
मुसळधार पावसात पर्यटकांची वर्दळ मंदावते. घोडा तबेल्यात उभा राहतो, चंदी मात्र पूर्वीइतकीच मिळते. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी उसळते आणि साठलेल्या ऊर्जेचा घोडा अननुभवी स्वाराच्या हाती जातो. अपघाताचा धोका येथेच वाढतो.

४) कीटक, वारा व ध्वनी :
पावसाळ्यात व त्यानंतर गोमाश्यांचा उपद्रव वाढतो. त्यांच्या दंशाने घोडा बेचैन होतोच, शिवाय सर्रा या रोगाचाही प्रसार होतो. घोडा मूलतः भक्ष्य प्राणी असल्याने धोक्याची शंका येताच पळून जाणे हा त्याचा स्वभाव आहे. सुटलेल्या वाऱ्यात हलणारी फांदी, फडफडणारे प्लास्टिक किंवा फटाक्याचा आवाज त्याला पुरेसा ठरतो. गार हवेत उष्णतेचा ताण कमी झाल्याने त्याच्या हालचालींना जोरही येतो.

उपाययोजना :
वैरणीतील बदल १० ते १४ दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा. काम नसलेल्या दिवशी चंदी कमी करावी, वैरण मात्र कमी करू नये. रोज हाताने फिरवून आणावे व हंगामापूर्वी श्रम हळूहळू वाढवावेत. दीर्घ विश्रांतीनंतर पहिल्या दिवशी नवख्या स्वारास बसवू नये. खरारा करताना त्वचेवरील दंश व खोगिराखालील जखमा पाहाव्यात. एकाएकी स्वभाव पालटल्यास तो खोडसाळपणा न मानता पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, कारण वेदनाग्रस्त घोडाही असाच वागतो. चाबकाने भीती वाढते, कारण मात्र तसेच राहते.

समारोप :
ऋतू एकटा घोड्याला चंचल करीत नाही. तो वैरण, श्रम, कीटक आणि भोवताल हे सारे एकाच वेळी बदलतो. कोकणपट्टीत दिनमानाचा वाटा मर्यादित असून आहार व श्रम यांचा वाटा मोठा मानावा लागतो. दिनमान माणसाच्या हाती नाही, परंतु चंदी आणि काम यांचा मेळ घालणे निश्चितच त्याच्या हाती आहे. स्वाराची सुरक्षितता, घोड्याचे आरोग्य आणि अश्वपालकाची उपजीविका या तिन्ही गोष्टी त्या मेळावर अवलंबून आहेत.