शस्त्रक्रियागृहातील सामूहिक शिक्षण

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नातेवाईक शल्यविशारदांचे आभार मानतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु टेबलाभोवती भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञही उभे असतात. प्रत्येकाजवळचे ज्ञान इतरांपर्यंत वेळीच पोहोचले, तरच ते रुग्णाच्या उपयोगी पडते. हे कसे घडते, याचा एक बोलका अभ्यास अमेरिकेत झालेला आहे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, लहान छेदातून हृदयशस्त्रक्रिया करण्याचे तेव्हाचे नवे तंत्र शिकणाऱ्या १६ रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पारंपरिक पद्धतीत छाती उघडलेली असल्याने हृदय शल्यविशारदांच्या डोळ्यांसमोर असते आणि महारोहिणी बाहेरून चिमट्याने बंद करता येते. नव्या पद्धतीत महारोहिणीच्या आत फुगा फुगवून रक्तप्रवाह रोखावयाचा होता. हा फुगा जागेवरून सरकू शकतो, आणि शल्यविशारदांना तो दिसत नाही. भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीचा पडदा पाहून, हृदय-फुप्फुस यंत्र चालविणाऱ्याने दाबाचे आकडे पाहून तो कोठे आहे हे सांगावयाचे. आजवर केवळ आज्ञा देणाऱ्यास आता विचारून पुढे जाणे भाग पडले.

सर्व पथकांना प्रशिक्षण सारखेच मिळाले होते. तरीही काही पथके झपाट्याने शिकली, काही रखडली, तर काही ठिकाणी हे तंत्र सोडूनच देण्यात आले. रुग्णालयाची कीर्ती वा शल्यविशारदांची ज्येष्ठता यांवरून हा फरक उलगडत नव्हता. वेगाने शिकणाऱ्या पथकांत प्रमुखाने माणसे विचारपूर्वक निवडली होती, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत तीच कायम ठेवली होती, आधी रंगीत तालीम घेतली होती. आणि शंका येताच कोणीही बोलावे, असे स्वतः बजावले होते. यांतील शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत कठीण वाटते. आपल्याकडे ‘सरांना’ मध्येच थांबविणे कनिष्ठ परिचारिकेस सोपे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी सूचीत, छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे अशी जी बाब आहे, तिचा संबंध या संकोचाशी आहे.

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, तालमीच्या तासांवर येत नाही. म्हणूनच नव्या यंत्राचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे येईल, तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी पथकाच्या सरावाचे दिवस आणि त्या काळात पुढे ढकलाव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया यांचाही हिशेब मांडलेला असावा.