उन्हाळ्याची सुटी आणि समुद्रकांठ

वार्षिक परीक्षा आटोपल्या, घरांत आंब्याच्या पेट्या येऊं लागल्या, कीं शहरांतील बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून एकच विषय निघतो : यंदा कोठें जावयाचें? पुण्याची मंडळी समुद्र म्हणतात, मुंबईची मंडळी महाबळेश्वर म्हणतात. आणि ज्यांच्या दाराशींच समुद्र आहे त्यांनाहि सुटींत एकदां तरी मुलांना वाळूंत मोकळें सोडावयाचें असतें. गाडींतील जागा, उतरण्याची सोय, जेवणाचा बेत यांची चौकशी आठ-आठ दिवस चालते. ज्या पाण्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याच्याविषयीं मात्र कोणी एक प्रश्नहि विचारीत नाहीं. पाणी तेथें असेलच, असें सर्वजण धरून चालतात. सकाळीं ९ वाजतां जो किनारा मुलांना अंगणासारखा असतो तोच दुपारीं १ वाजतां चांगल्या पोहणाऱ्यालाहि भारी पडूं शकतो, ही गोष्ट ठाऊक असणारीं घरें थोडीं. आणि हा पालट समुद्राच्या लहरीनें होत नाहीं. त्याचें वेळापत्रक ठरलेलें आहे. तें बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेलेंहि असतें.

दिनदर्शिकेंत तारखेखालीं तिथि छापलेली असते. मुंबई बंदराकरितां जुन्या लोकांचा हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारीं ३ च्या सुमारास भरती आणि पहांटेहि ३ च्या सुमारास. अष्टमीस दोन्ही वेळां ६ वाजतां. अमावास्येस व पौर्णिमेस मध्यान्हीं आणि मध्यरात्रीं. पूर्ण ओहोटी यानंतर सवासहा तासांनीं धरावी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. ज्या पिढीची पाऊणकी पाठ होती तिला यासाठीं कागद-पेन्सिल लागत नसे. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो आणि समुद्राचें पाणी त्याच्या मागोमाग चालतें, एवढेंच यांतलें रहस्य आहे. हा आडाखा अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्यानें दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळें गोवा, मालवण, रत्नागिरी या बाजूंस भरती मुंबईच्या आधीं येते. ज्यांना मिनिटांचा नेमकेपणा हवा त्यांच्याकरितां भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापतो. सहलीच्या कामाला पाऊणकी पुरे.

भरती किती वाजतां, हें कळलें तरी ती किती मोठी, हें निराळेंच राहतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचीं ओढणीं एका रेषेंत येतात आणि उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास तीं एकमेकांना आडवीं जातात, तेव्हां पाणी थोडेंच चढतें व थोडेंच उतरतें. कोळी या दिवसांना भांग म्हणतात. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत ४ मीटरांच्या आसपास अंतर पडतें. भांगांत तें निम्म्याहूनहि कमी होतें. गोव्याकडे उधाणाचें अंतरहि सुमारें २ मीटरच. उत्तरेकडे समुद्राचा तळ रुंद व उथळ होत जातो आणि खंबायतच्या आखातांत पाणी कोंडतें, म्हणून हा फरक.

पुढची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. पाणी सहा तास सारख्या वेगानें चढत नाहीं. पूर्ण चढणीचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत पुन्हां तीन, पांचव्यांत दोन आणि शेवटच्या तासांत एक, असा साधारण क्रम पडतो. ओहोटी नुकतीच संपली असतां जो मनुष्य तासभर पाण्याकडे पाहत बसतो, त्याला पाणी जवळजवळ हालत नाहीं असें वाटतें, आणि त्या विश्वासावर तो डबा उघडतो. मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. उधाणाच्या ४ मीटरांपैकीं एकेक मीटर एकेका तासांत चढला आणि किनाऱ्याचा उतार शंभरांस एक असला, तर पाण्याची कड एका तासांत १०० मीटर पुढें सरकते. मिनिटास पावणेदोन मीटर! चपला, सतरंजी आणि पेंगुळलेली आजी एवढें उचलावयास लागणारा वेळ यांतूनच काढावा लागतो.

डहाणू-बोर्डीच्या बाजूचा किनारा असा सपाट उताराचा आहे. तेथें ओहोटीस समुद्र इतका मागें हटतो कीं, त्याला भेटावयास बरेंच चालत जावें लागतें. लहान मुलांना याहून चांगली जागा सहसा मिळावयाची नाहीं : ओली कठीण वाळू, घोट्याएवढ्या पाण्याचीं डबकीं, मागें सुरूची सावली आणि चिकूच्या वाड्या. परंतु सपाट पुळणींत जेथें मध्यें खोलगट पट्टा असतो तेथें भरतीचें पाणी पहिल्यानें त्या पट्ट्यांत शिरतें. समोरच्या लाटा अजून दूर आहेत म्हणून मुलें खुशाल किल्ले बांधीत असतात, आणि मागची वाट गुडघाभर पाण्याखालीं गेलेली असते. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयास जाणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. शिवछत्रपतींनीं बांधावयास घेतलेला आणि पुढें आंग्र्यांच्या आरमाराचें ठाणें झालेला हा जलदुर्ग ओहोटींत पायीं किंवा घोडागाडीनें गांठतां येतो. गणपतीचें देऊळ, गोड्या पाण्याचा हौद, तोफा, हें सर्व पाहण्यांत वेळ कसा जातो तें कळत नाहीं, आणि परततांना वाटेच्या जागीं समुद्र असतो. जातांनाच परतीची वेळ ठरवून जावें. आणि ती हुकलीच तर किल्ल्यांत पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहावें. उपाशी बसण्यानें कोणी मेलेला नाहीं. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्गहि असाच ओहोटीपुरताच मोकळा असतो. तेथें तर वाळूहि नाहीं. शेवाळलेला खडक आणि त्यावर आपटणारी लाट. लाटांचे फोटो घेण्यासाठीं कडेला उभे राहणाऱ्यांनीं एवढेंच पाहावें कीं, पायाखालचा खडक ओला आहे कीं कोरडा. ओला असल्यास मागच्या कोणत्या तरी लाटेनें तो भिजविला आहे, आणि पुढचीहि एखादी तेथवर येणार.

बहुतेकांना मोठ्या लाटेचें भय वाटतें. बुडवितें तें बहुधा परत जाणारें पाणी. लाटा किनाऱ्यावर पाणी लोटीत असतात. तें कोठून तरी समुद्रांत परत जावयास हवें. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वाळूचा बांध असतो, त्यांत एखादें खिंडार पडलेलें असतें, आणि सांचलेलें पाणी त्या चिंचोळ्या वाटेनें ओढ्यासारखें बाहेर धांवतें. या जागीं पाणी खोल असल्यामुळें लाटा फुटत नाहींत. दोहों बाजूंस पांढरा फेस आणि मध्यें काळसर, शांत पट्टा दिसतो. नवखा मनुष्य नेमका तोच पट्टा सुरक्षित समजून तेथें मुलांना उतरवितो. या ओढींत सांपडलेला मनुष्य किनारा समोर दिसतो म्हणून सरळ त्याच्याकडे हात मारूं लागतो, आणि थकून बुडतो. ओढ मनुष्याला खालीं खेंचीत नाहीं, फक्त बाहेर नेते, आणि बांधापलीकडे गेल्यावर तिचा जोर सरतो. म्हणून तिच्याशीं झुंजूं नये. अंग सैल सोडून तरंगावें, हात वर करून हांक द्यावी, आणि पोहतां येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत जावें; फेस दिसूं लागला, कीं मग लाटांबरोबर आंत यावें. कांठावरच्यांनींहि पाठोपाठ उड्या टाकूं नयेत. एकाला वांचवावयास गेलेले दोघे बुडाले, ही बातमी दर उन्हाळ्यांत वाचावयास मिळते. दोरी, झांकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, गाडीच्या चाकाची फुगविलेली ट्यूब, जें तरंगेल तें फेंकावें आणि होडीवाल्याला हांक मारावी.

सन २०१६ च्या फेब्रुवारीच्या १ तारखेस मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकीं १४ जण दुपारच्या वेळीं बुडून मरण पावले. त्या दिवशीं चंद्र अर्धा होता. म्हणजे उधाण तर नव्हतेंच, उलट भांगाचे दिवस होते. पावसाळाहि चार महिने दूर होता. वय तरुण, दिवस थंडीचे, सोबत मोठा मेळावा, यांपैकीं कशाचाहि उपयोग झाला नाहीं. आधीं सांगितलेला पाऊणकीचा हिशेब वेळ सांगतो, अभय देत नाहीं. भांगाच्या मवाळ भरतींतहि मनुष्य बुडावयास लागतें तेवढें पाणी असतेंच.

मग जावें कोठें? गणपतिपुळें हें देवदर्शनास उत्तम, परंतु तेथील पुळण पाण्यांत लवकर उतरते आणि ओढहि जबर आहे. तेथें पाय भिजवावे आणि देवळाकडे वळावें. गुहागरचा लांबलचक किनारा, माडांच्या वाड्या आणि मागें शांत गांव, हें कुटुंबाच्या मुक्कामास सोयीचें. खोल न जाण्याचा नेम मात्र तेथेंहि हवा. गिरगांवची चौपाटी ही स्नानाची जागाच नव्हे. ती बसण्याची, भेळ खाण्याची आणि सूर्यास्त पाहण्याची जागा आहे, आणि त्या कामीं तिला तोड नाहीं. गोव्यांत २००८ पासून मुख्य किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमलेले आहेत. तेथें लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्यें पोहावें. नुसतें लाल निशाण असेल तेथें पाण्यांत उतरूंच नये. जीवरक्षकाशीं वाद घालणारे गृहस्थ सुशिक्षितांतच अधिक आढळतात, हें नमूद करावयास हवें. जेथें निशाण नाहीं आणि रक्षकहि नाहीं, तेथें जाळें विणीत बसलेल्या कोळ्याला विचारावें. तो एका वाक्यांत सांगतो आणि पैसे मागत नाहीं.

सकाळच्या सहलीस तृतीया ते पंचमी या तिथी सोयीच्या, कारण मुंबईकडे त्या दिवशीं ओहोटी ८॥ ते १० च्या दरम्यान पुरी होते. त्यानंतरचा तासभर वाळूंत खेळावयास उत्तम. मग पाणी चढूं लागेल तसतसें सामान मागें घ्यावें. संध्याकाळींच जावयाचें तर त्रयोदशी-चतुर्दशी पाहावी, मात्र तेव्हां उधाण जवळ असतें हें विसरूं नये. दुपारीं जमीन तापून खारे वारे जोरानें वाहूं लागले कीं लाटाहि वाढतात, म्हणून एकंदरींत सकाळच बरी. मूल पाण्यांत असतांना मोठ्या माणसानें त्याच्या मागें किनाऱ्यावर उभें न राहतां त्याच्या पुढें, समुद्राच्या बाजूस उभें राहावें. मूल गुडघ्यापलीकडे जाणार नाहीं, ही मर्यादा मुलाच्या गुडघ्याची; बापाच्या नव्हे. मे महिन्याचा उत्तरार्ध लागला, कीं दूर दक्षिणेकडील वाऱ्यांच्या लाटा आपल्या किनाऱ्यास येऊं लागतात. आकाश निरभ्र असलें तरी समुद्र फिरलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि कोळी नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून दर्यावर भरंवसा ठेवीत नाहीं.

ज्यांना समुद्राचा हा सारा हिशेब नको असतो ते तळ्याकडे वळतात. तळ्यास भरती नाहीं, ओहोटी नाहीं, लाटा नाहींत. आणि याच भ्रमांत माणसें उतरतात. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें अडीच टक्के जड असल्यामुळें शरीर तेथें सहज तरंगतें. तळ्यांत तितकें तरंगत नाहीं. धरणाच्या तलावांत पाण्याखालीं जुनी नदी असते : कमरेएवढें पाणी दहा पावलें राहतें आणि अकराव्या पावलास दरड तुटते. उन्हाळ्यांत पाणी आटून उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आंत मात्र पाय धरून ठेवतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या कांठीं सुटीच्या दिवशीं लोटणाऱ्या गर्दीनें भजीं-कणसें खावीं, वारा घ्यावा. पाण्यांत पाय घालण्याचें कारण नाहीं. याउलट कोल्हापूरचा रंकाळा किंवा ठाण्याचें मासुंदा तळें हीं बांधलेल्या कांठाचीं. तेथें वृद्धांस बसावयास जागा आहे, मुलांस फिरावयास वाट आहे आणि पाणी पाहण्यापुरतेंच आहे. महाबळेश्वरचें वेण्णा सरोवर १८४२ सालीं साताऱ्याच्या छत्रपतींनीं बांधविलें. तेथें नौकाविहार करतांना तरंगण्याचा अंगरखा मुलांनीं तर घालावाच, पण वडिलांनींहि घालावा. आणि त्याचे बंद नावेंत बसण्यापूर्वीं, कांठावरच, बांधावे. नाव हालूं लागल्यावर उभें राहून बांधूं नयेत.