रुंद रस्ता कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जमिनीवर?

धुळे–सोलापूर महामार्ग जालना जिल्ह्यात फार थोडा आहे. पाचोड मागे पडले की अंबड तालुक्यातले वडीगोद्री, मग शहागड, मग गोदावरीचा पूल आणि पलीकडे बीड जिल्हा. हा रस्ता दुपदरी होता तेव्हा ज्यांनी इथून प्रवास केला, त्यांना ती कोंडी वेगळी सांगायला नको. जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना. गाळप सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, एसटी, दक्षिणेकडून येणारे मालट्रक आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली.

आज तिथे चार पदर आहेत आणि ते व्हायलाच हवे होते. देशात रस्ते अपघातात मरणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे. त्यामुळे "विकास नको" असे म्हणणारा हा लेख नाही. पण चौपदरीकरणाचा पैसा येतो कसा, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले नाही, तर आपण नेहमी जेसीबी दारात आल्यावरच मोर्चा काढत राहू.

रस्त्याच्या पैशाचे मोजके मार्ग आहेत. पहिला सरकारी तिजोरीचा. पेट्रोल-डिझेलवरचा उपकर केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत जातो आणि त्यातून रस्ते होतात. म्हणजे लिटरभर पेट्रोल टाकणारा शेतमजूरही महामार्गाचा देणेकरी आहे. दुसरा 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हा मार्ग, म्हणजे बीओटी. यात कंपनी बँकेचे कर्ज काढून रस्ता बांधते आणि ठरलेली वर्षे टोल घेते. टोलमधून खर्च निघणार नसेल तर सरकार वरून अनुदान देते. त्याला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात.

येडशी–औरंगाबाद हा सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा याच पद्धतीने झाला. काम आयआरबी कंपनीला मिळाले, खर्च तीन हजार कोटींच्या पुढे आणि त्यात सरकारचे अनुदान साडेपाचशे कोटींच्या आसपास. पुढे कंपनीने असे नऊ प्रकल्प एका ट्रस्टमध्ये ठेवले आणि त्यात जीआयसी या सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक संस्थेने पैसा घातला. गोदावरी ओलांडणाऱ्या ट्रकच्या टोलमधला एक वाटा आज सिंगापूरपर्यंत पोचतो. यात बेकायदा काहीच नाही. आपल्या गावाजवळचा रस्ता कोणत्या हिशेबात बसलेला आहे, एवढेच यातून कळते.

तिसरा मार्ग २०१६ पासूनचा, हायब्रिड अॅन्युइटी नावाचा. बीओटीला ठेकेदार मिळेनासे झाले, बँकांची कर्जे थकली, तेव्हा सरकारने ठरवले की बांधकाम चालू असताना ४० टक्के रक्कम द्यायची आणि उरलेले ६० टक्के पुढची १५ वर्षे हप्त्याने. शिवाय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने स्वतः कर्ज काढले. ते सव्वातीन लाख कोटींच्या पुढे गेल्यावर २०२२ नंतर नव्या कर्जाला लगाम घालावा लागला. याच महामार्गावर कन्नडच्या औट्रम घाटातला बोगदा खर्चाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे रखडला आणि शेवटी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटात जड वाहने बंद करावी लागली. पैसा नसला की रस्ता असा अर्ध्यात अडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रस्ता रुंद करायचा की नाही, हे वाहनांच्या मोजणीवर ठरते. या मोजणीत मोटारीला १ धरले तर ट्रकला ३, दुचाकीला अर्धा आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार गुण मिळतात. गर्दी दाखवायला आपला ट्रॅक्टर आणि आपली दुचाकी उपयोगी पडते. पण पैशाचा हिशेब टोलवर होतो, आणि राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना टोल नाही. पायी चालणारा तर कुठल्याच रकान्यात नाही. टोल नाही हे बरेच आहे. पण जो टोल भरत नाही त्याच्यासाठीचा सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्ग कंपनीच्या वहीत नुसता खर्च असतो, उत्पन्न नाही. निधी कमी पडला की कात्री कुठे लागेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. वस्ती एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला आणि मधला दुभाजक ओलांडणाऱ्या मुली हे दृश्य मराठवाड्यात नवे नाही.

बचतीची दुसरी जागा म्हणजे जमीन. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला, तेव्हा थेट खरेदीत रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. ग्रामीण भागासाठी गुणक २, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणि संमतीने दिल्यास २५ टक्के जादा. नंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने महामार्गांसाठी हा गुणक २ वरून १ वर आणला. तीच माती, तोच जिल्हा, पण पट निम्म्यावर. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाच्या शेतकऱ्यांनी समृद्धीप्रमाणेच मोबदला द्या अशी मागणी लावून धरली, ती यामुळेच.

पण ही मागणी सातबारावर नाव असलेल्याची. आपल्यातल्या बहुसंख्य घरांचा प्रश्न त्याच्या आधीच सुरू होतो. १९५३ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि तेव्हापासून गायरान कसणारी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. निर्णय झाला, पण अनेकांच्या हातात अजून कागद नाही. महामार्ग आला की हीच जमीन सरकारी म्हणून फुकटात मिळते. ज्याच्याकडे इनामाची किंवा वाटपाची भोगवटादार वर्ग २ जमीन आहे, त्याची रक्कमही शर्तीच्या प्रश्नावर अडकू शकते.

इथे कायद्यात एक दार उघडे आहे आणि ते फार थोडे जण ठोठावतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त मालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या जमिनीवर ज्यांची मुख्य उपजीविका होती ते शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीरही त्यात येतात. २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने या कायद्याच्या मोबदला आणि पुनर्वसनाच्या अनुसूच्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खालच्या संपादनालाही लागू झाल्या. दुसऱ्या अनुसूचीत कुटुंबामागे नोकरी किंवा एकरकमी पाच लाख किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार, असे पर्याय आहेत. छोट्या व्यापारी-कारागिरांना किमान २५ हजार आहेत. हे आपोआप मिळत नाही. रोजगार हमीचे जॉबकार्ड, रेशनकार्ड, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना ८, गायरानाचा दंड भरल्याची पावती, पिकाचा पंचनामा, जे असेल ते आज गोळा करावे लागते. रस्त्याच्या हद्दीतच टपरी असलेल्याची बाजू मात्र कमजोर आहे. २००२ च्या कायद्याने त्याला हटवता येते आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांपुरता आहे. तिथे वाटाघाटीच कराव्या लागतात, आणि त्या एकेकट्याने होत नाहीत.

विहारांचेही बघा. रस्त्यालगत पंचशील ध्वज आणि छोटे विहार असलेल्या वस्त्या पुष्कळ आहेत, जागा मात्र बऱ्याचदा कोणाच्याच नावावर नसते. सार्वजनिक जागेतील धार्मिक स्थळांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आणि राज्याचा ५ मे २०११ चा शासन निर्णय आहे, त्यात नियमित करणे, स्थलांतर आणि निष्कासन असे तीन मार्ग आहेत. विहार २००९ पूर्वीचे असल्याचा पुरावा असेल तर आधीच अर्ज करावा. मोजणीची खूण भिंतीवर पडल्यावर भावना पेटतात आणि मग पोलीस बंदोबस्ताची भाषा सुरू होते.

वेळेचे गणित असे आहे. कलम ३अ ची अधिसूचना राजपत्रात निघते आणि दोन स्थानिक वृत्तपत्रांत येते, त्यातले एक मराठी असते. तिथून हरकतीला फक्त २१ दिवस. पुढे ३ड ची घोषणा झाली की जमीन सरकारची. ३ग खाली मोबदला ठरवताना हितसंबंध असलेल्या सर्वांकडून दावे मागवले जातात, कुळाने तेव्हा दावा टाकायचा. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. राज्य रस्ते विकास महामंडळाचे मार्ग १९५५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली येतात, तिथली कलमे वेगळी आहेत, म्हणून नोटिशीवर कायद्याचे नाव आधी वाचा.

जालना–नांदेड मार्ग जालना, परभणी, हिंगोली आणि नांदेड या चार जिल्ह्यांतून जाणार आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात दोन-तीन तरुणांनी गटनंबरांची यादी मिळवून त्यातले गायरान, वर्ग २ आणि वाटेकरीने कसलेल्या जमिनी वेगळ्या काढाव्यात. भुयारी मार्ग आणि सर्व्हिस रोड कुठे हवा, याचा ठराव ग्रामसभेत करून त्याची पोच घ्यावी. आराखडा कागदावर असतो तोवर तो बदलायला पेन लागतो, नंतर कोट्यवधी रुपये लागतात आणि तेव्हा उत्तर एकच मिळते, निधी नाही.