गोड करणे : साखरेने आणि शब्दांनी

आमच्या वर्गात एकदा मी एक साधे इंग्रजी वाक्य मराठीत करायला दिले होते. एका व्यापाऱ्याला शेतकऱ्याची जमीन हवी आहे. शेतकरी नाही म्हणतो. तेव्हा व्यापारी आपला प्रस्ताव ‘स्वीटन’ करतो. एका मुलाने लिहिले, ‘व्यापाऱ्याने आपला प्रस्ताव गोड केला.’ वर्ग हसला. दुसऱ्याने लिहिले, ‘व्यापारी गोड बोलू लागला.’ याला कोणी हसले नाही, कारण हे मराठी झकास आहे. पण अर्थाची खरी चूक इथेच झाली. इंग्रजीत प्रस्ताव ‘स्वीटन’ केला म्हणजे शब्द वाढले नाहीत, मोल वाढले. ‘व्यापाऱ्याने आधीपेक्षा जास्त देऊ केले,’ एवढेच त्याचे मराठी.

‘स्वीटन’ या क्रियापदाचा सरळ अर्थ गोड करणे. चहात साखर घालतो, पुरणात गूळ घालतो, तोच हा अर्थ. पण गोड करण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि ती पाहायला कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर जावे. तिथे काहिलीत उसाचा रस उकळत असतो. गुळव्या त्यात वरून साखर टाकतो काय? मुळीच नाही. तो मळी काढतो, रसाचा आंबटपणा मोडावा म्हणून बेताने चुना घालतो, आणि पाणी आटवतो. गोडी रसातच होती. नको ते काढल्यावर ती दाट झाली.

इंग्रजी क्रियापदाला ही रीतही ठाऊक आहे. आम्लधर्मी जमिनीत चुना मिसळला की इंग्रज शेतकरी म्हणतो, जमीन ‘स्वीटन’ केली. नैसर्गिक वायूतला गंधकाचा घातक अंश काढतात, त्यालाही कारखान्यात हाच शब्द आहे. यात नवल मानू नका. आपण ‘गोडे पाणी’ म्हणतो, त्यात साखर कुठे असते? खारेपणा नाही, म्हणून ते गोडे.

आता लाक्षणिक अर्थ. कडू गोळीवर साखरेचा लेप देतात, तसे कटु सत्य सौम्य शब्दांत सांगणे, हाही ‘स्वीटन’चा एक उपयोग. आपल्याकडे त्याला ‘शर्करावगुंठित’ असा भारदस्त शब्द आहे. आत औषध असेल तोवर लेपाला दोष देऊ नये. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो, तेव्हा खोटे बोला असे कोणी सांगत नाही. मनातली अढी काढा, असे सांगतो. म्हणजे तीही गुळव्याचीच रीत झाली!

परंतु आत औषधच नसेल तर? त्यासाठी मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. काम साधण्यापुरते गोड बोलणे म्हणजे ‘साखरपेरणी’. आणि पुरे न होणारे आमिष दाखवणे म्हणजे ‘कोपराला गूळ लावणे’. गूळ दिसतो, वासही येतो. पण आपल्या कोपरापर्यंत आपली जीभ काही पोहोचत नाही. किती नेमकी म्हण आहे पाहा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. ‘स्वीटन म्हणजे गोड करणे’ एवढे पाठ करून घेऊन थांबू नका. मुलांना दोन प्रश्न विचारायला लावा : इथे काही घातले, की काही काढले? आणि घातले असेल तर वस्तू घातली, की नुसते शब्द? मग योग्य मराठी आपोआप सुचते. उलट, ‘मुलांना वाचनाची गोडी लावली’ हे इंग्रजीत न्यायचे झाले तर ‘स्वीटन’ उपयोगी पडत नाही. तिथे वाक्यच फिरवावे लागते.

आणि शेतकरी बंधूंनो, हे दोन प्रश्न केवळ परीक्षेचे नाहीत. उद्या तुमच्या ओसरीवर कोणी जमिनीचा कागद घेऊन बसला आणि त्याचे बोलणे फार गोड वाटू लागले, तर चहा जरूर पाजा. पण सहीपूर्वी कागद कोणा जाणत्याकडून नीट वाचून घ्या. गोडी आकड्यात वाढली आहे की आवाजात, ते कळले म्हणजे झाले.