काम आधी, जागा मागून

सह्याद्रीच्या माथ्यावर अडलेला पाऊस अकोले तालुक्याच्या डोंगरांत धो धो कोसळतो, आणि तोच पाऊस पूर्वेकडे उतरत पारनेर, कर्जत, जामखेडच्या माळांवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या अहिल्यानगर जिल्ह्यात माणसांनी एकत्र कोठे जमावे याचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या पाण्यानेच केलेला आहे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने सीनेकाठी ज्या नगराचा पाया घातला, त्या नगराला निजामशाहीच्या अंमलात कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या गावांतून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी पाणी आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारून नळांतील हवेला वाट करून दिली गेली, आणि शेवटी ते पाणी महालांत, मशिदींत, बागांत व पेठांमधील हौदांत खेळवले गेले. हौदापाशी पखाल भरणारा भिस्ती, घागर घेऊन आलेली स्त्री, बैलांना पाणी दाखवणारा गाडीवान आणि वजूसाठी हातपाय धुणारा वृद्ध यांची गाठ पडे, आणि या गाठी पडता पडता पेठेला चौक मिळे. कोणा स्थपतीने तेथे चौक कल्पिला असेल वा नसेल. पाणी भरण्याचे नित्यकर्म तेथे होते म्हणून चौक झाला, आणि पाणी घरोघर आल्यावर, हौदाचे दगड शाबूत असूनही, तो चौक चौक म्हणून उरला नाही. पाणी घरात आले ही इष्टच गोष्ट घडली, कारण त्यामुळे स्त्रियांच्या कमरेवरचा भार उतरला. मात्र हौदाने जे दुसरे कार्य न बोलता पार पाडले होते, त्याची तजवीज अन्यत्र करावयाची राहून गेली.

सार्वजनिक जागा आखल्या जात असताना, बांधल्या जात असताना आणि बांधून झाल्यावर त्यांचे काय होते हे पाहत मी या जिल्ह्यात पुष्कळ हिंडलो आहे. त्या पाहण्यातून माझी जी धारणा पक्की झाली ती अशी की, सार्वजनिक जागा ही बांधकामाने सिद्ध होत नसते. लोकांनी तेथे नित्य येऊन करावयाचे असे काही काम आधी असावे लागते, आणि ते काम ज्यांना सर्वांहून अधिक निकडीचे आहे त्यांच्या दारापासून ती जागा फार दूर असून चालत नाही. काम कोणते, आणि ते कोणाच्या दाराशी, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच कागदावर पहिली रेषा ओढावी.

आपल्या जुन्या गावगाड्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चावडीवर सारा भरला जाई व तंटे निवडले जात. पारावर सावलीसाठी आणि वार्तेसाठी माणसे टेकत. पाणवठ्यावर स्त्रियांचे जग असे. देवळाच्या सभामंडपात कीर्तन होई आणि वाटसरूला रात्रीचा आसरा मिळे. शिर्डीची चावडी ही मूळची अशीच गावकामाची वास्तू. साईबाबा १९१८ पर्यंतच्या आपल्या अखेरच्या वर्षांत एक रात्र द्वारकामाईत व एक रात्र तेथे विश्रांती घेत, त्यामुळे ती आज तीर्थस्थान झाली आहे, आणि काम पालटले की वास्तूचा अर्थ कसा समूळ पालटतो याचे ते ठळक उदाहरण आहे. परंतु या रचनेचे गुणगान करताना हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, पार, चावडी आणि पाणवठा या तिन्ही जागा सर्वांच्या नव्हत्या. दलितांना पाणवठ्यावर मज्जाव होता, चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, आणि स्त्रिया पारासमोरून डोईवरचा पदर सावरीत खाली मान घालून जात. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो सार्वजनिक म्हणवणाऱ्या जागेचे सार्वजनिकत्व सिद्ध करण्यासाठीच. म्हणून जुन्या गावाचा नकाशा जसाच्या तसा उतरवून घेणे हा मार्ग नव्हे. त्यातील कामाचे तत्त्व घ्यावे आणि दाराचा प्रश्न नव्याने विचारावा.

हे दोन प्रश्न प्रत्यक्षात कसे विचारले जातात हे मी नगर तालुक्यातील एका गावी बाजारतळाची आखणी चालू असताना जवळून पाहिले. ओढ्याच्या अलीकडे, गावठाणाच्या कडेला असलेल्या त्या मोकळ्या जागेवर आठवड्याचा बाजार वर्षानुवर्षे भरत आलेला. ओटे बांधण्यास मंजुरी मिळालेली. आणि अंदाजपत्रकाला जोडलेल्या नकाशात ओट्यांच्या सरळ, समांतर रांगा तळ भरून टाकीत होत्या. आखणीस आलेले अभियंता मनाने मोकळे होते, आणि सरपंचबाईंचा आग्रह असा की, दगड बसण्यापूर्वी बाजार एकदा रेषांवर भरवून पाहावा. तेव्हा नकाशाप्रमाणे फक्की मारून ओटे जमिनीवर रेखले गेले आणि बाजाराच्या दिवशी पहाटेपासून आम्ही कडुनिंबाखाली बसून काय घडते ते पाहू लागलो.

उजाडण्यापूर्वीच भाजीवाल्या येऊ लागल्या. लांबच्या वाड्यांवरून पहिल्या जीपने निघालेल्या या स्त्रिया दिवस मावळेपर्यंत तळावरच असतात, आणि त्यांच्यासाठी आडोशाची सोय नकाशात कोठेही नव्हती. ही गोष्ट त्यांनी आपण होऊन पुरुषांच्या घोळक्यात सांगितली नाही, सरपंचबाई त्यांच्या पथारीशेजारी जाऊन बसल्या तेव्हा ती हलक्या आवाजात बाहेर आली. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्याने का केली असावी, हे त्या क्षणी मला पुरते उमगले.

मग ऊन चढले आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर माळाची धूळ आली. धान्यवाल्यांनी आपली पोती फक्कीच्या रेषा सोडून एका जुन्या भिंतीच्या आडोशाला सरकवली, मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या बायका झाडाच्या सावलीमागून सरकत राहिल्या, आणि बांगड्यांचे दुकान मांडणाऱ्याने रहदारीच्या तोंडाशी बसण्याची आपली जुनी वहिवाट सोडली नाही. ओट्याच्या उंचीविषयी वाद निघाला तेव्हा एका म्हातारीला विटांच्या रचलेल्या थरांवर चढून बसण्यास सांगण्यात आले. तिला न चढवणारी उंची कमी केली, आणि पावसाळ्यात वाहून येणारे पाणी भाजीला लागेल इतकी ती खाली जाऊ दिली नाही. दोन ओळींमधील वाटेने डोईवर पाट्या घेतलेल्या दोघी एकमेकींना न धडकता जाव्यात, एवढे तिचे माप ठरले. बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती होते, त्यामुळे मजुरांच्या घरचा बाजार दिवेलागणीनंतर होतो हे ध्यानात येऊन दिव्याचे खांब भाजीच्या बाजूस घेण्यात आले, कारण अंधारात सडका माल पदरात पडतो तो गरिबाच्याच.

सर्वांत महत्त्वाचा फेरफार मात्र बाजार नसलेल्या दिवसांसाठी झाला. आठवड्याचे उरलेले सहा दिवस त्याच तळावर मुले खेळतात, सुगीत ज्वारी-उडीद वाळत पडतात, लगीनसराईत मांडव पडतो आणि जत्रेत कुस्त्यांचा आखाडा होतो. रांगांनी तळ भरून टाकला असता तर एका दिवसाच्या कामाने सहा दिवसांची कामे हुसकून लावली असती. म्हणून ओटे कडेने घेऊन मधले मैदान मोकळे ठेवले, पश्चिमेस कडुनिंबाची रांग धरली, उतार ओढ्याकडे दिला, स्त्रियांसाठी शौचालय व लेकराला पाजण्यापुरता आडोसा पाण्याच्या टाकीजवळ नेमला. आणि बाजारवसुलीच्या लिलावाच्या शर्तींतच तळाची झाडलोट व टाकीची सफाई घालण्याचा ठराव झाला. या शेवटच्या कलमाला मी वास्तुरचनेचाच भाग समजतो, कारण झाडणारा हात कोणाचा हे ज्या आराखड्यात लिहिलेले नाही, तो आराखडा अर्धाच आहे.

दाराच्या प्रश्नाचे याहून धीट उत्तर याच जिल्ह्यात जामखेडला दिले गेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम करण्यास आले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. अन्न आणि पाणी यांची होती, आणि लवकरच १९७२ च्या दुष्काळाने तिची सत्यता भीषणपणे पटवून दिली. गावोगाव विंधन विहिरी घेण्याचे ठरले, तेव्हा भूजलतज्ज्ञाने दलित वस्तीतील जागा दाखवाव्यात आणि हापसे तेथेच बसावेत, असा कटाक्ष आरोळे दांपत्याने ठेवला. जातिभेद निवारणावर व्याख्यान न देता त्यांनी एवढेच केले की, गावातील सवर्ण स्त्रीला पाण्यासाठी ज्या वस्तीत जावे लागेल ती वस्ती निवडली. शतकानुशतके ज्यांनी पाणवठ्यापासून दूर उभे राहून ओंजळ पसरली, त्यांच्या अंगणात गावाचा पाणवठा आला. नकाशावर पाहिले तर तो एक ठिपका आहे; परंतु सार्वजनिक जागेच्या नियोजनाचा इतका गहन अर्थ सांगणारा दुसरा ठिपका मी पाहिलेला नाही. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो आरोग्यकार्यासाठी. स्थलनियोजनाच्या विद्यार्थ्यांनीही त्यांच्यापाशी धडा घ्यावा अशी त्यांची योग्यता आहे.

कामाच्या प्रश्नाचे उत्तर पाहावयाचे तर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या दोन गावांकडे वळावे. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणात आपल्या पदरच्या पैशाने यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराच्या जीर्णोद्धारास हात घातला, आणि तेच मंदिर गावाच्या विचारविनिमयाचे ठाणे झाले. पाणलोटाची कामे आणि श्रमदान यांची बोलणी तेथे होऊ लागल्यामुळे त्या जीर्णोद्धाराला दगडमातीपलीकडचा अर्थ आला. हिवरे बाजारात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांसारख्या नियमांनी सावरलेल्या त्या गावाने पुढे पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात पाडला. वर्षाचा पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, आणि उपलब्ध पाण्यात माणसे, जनावरे व पिके यांचा वाटा किती हे ग्रामसभेत उघडपणे ठरवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. ज्या सभेत माझ्या रब्बीचे भवितव्य ठरणार आहे, त्या सभेला मी येणारच. तेथे ओटा असो, मंडप असो वा नुसते अंगण असो. निजामशाही नगरात पाणी भरण्यासाठी माणसे हौदावर जमत; हिवरे बाजारात पाण्याचा हिशेब करण्यासाठी जमतात. घरोघर पाणी गेल्यानंतर समाजाला एकत्र आणणारे काम कोणते, या प्रश्नाचे असे एक उत्तर या गावाने शोधून काढले आहे.

मग स्थपतीच्या प्रतिभेला या व्यवहारात स्थान कोणते, असे कोणी विचारील, तर मी त्याला कोपरगावास जाण्याचा आग्रह करीन. तेथील शारदा विद्यालयाच्या आवारात समीप पडोरा यांच्या स्थापत्यसंस्थेने माया सोमैया ग्रंथालय रचले. २०१८ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचे छत पातळ विटांचे थर एकावर एक जडवून, कॅटलन पद्धतीच्या कमानछताप्रमाणे वळवलेले आहे, आणि त्याचे बाक जमिनीपासून इतके सहज उठतात की मुले धावत छतावर चढतात व दुसऱ्या बाजूने उतरतात. खाली वाचन आणि वर खेळणे, ही बालपणाची दोन्ही कामे एकाच वक्ररेषेने साधली आहेत. शाळेतील मुलाला पुस्तकाच्या दारापर्यंत कसे आणावे, हा प्रश्न रचनाकाराने मुलाच्या पावलांना विचारला, आणि मग संगणकावरील आकारशोधन व वीटकामाची जुनी पाश्चात्य कला यांची जोड घालून त्याचे उत्तर बांधले. कला येथे दुय्यम झालेली नाही; काम नेमके कळल्यामुळे ती अधिक निःशंकपणे वर आली आहे.

२०२४ पासून या जिल्ह्याला ज्यांचे नाव लाभले, त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. देशभर त्यांची स्मृती आज जागी आहे ती घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा यांच्या रूपाने. आणि या प्रत्येक बांधकामामागे स्नान करणारा, तहानलेला किंवा चालून थकलेला असा कोणी विशिष्ट माणूस उभा आहे. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात सभामंडप बांधून त्यांना कुलुपे लागावीत, उद्याने आखून त्यांत गवत माजावे, आणि निधी खर्ची पडला एवढीच दप्तरात नोंद व्हावी, हे आपण स्वीकारता कामा नये. माझी सूचना साधी आहे. कोणत्याही सार्वजनिक जागेचे अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे किंवा नगरपालिकेपुढे ठेवण्यापूर्वी त्याच्या पहिल्या पृष्ठावर तीन गोष्टी मराठीत, स्वच्छ अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात : येथे रोज कोणते काम होणार, त्या कामाची सर्वाधिक निकड असलेल्या माणसाचे घर येथून किती अंतरावर आहे, आणि ही जागा झाडणार कोण. ही उत्तरे सभेत मोठ्याने वाचली जावीत, त्यांवर हरकती घेण्यास मुदत द्यावी, आणि ती लोकांना पटेपर्यंत पायाची कुदळ मारू नये. यात महिना-दोन महिन्यांचा विलंब लागेल. पण पुढच्या दोन पिढ्या ज्या जागेवर बसणार, बोलणार आणि आपले हिशेब मांडणार, तिच्यासाठी एवढा काळ दिलाच पाहिजे.