ओल्या हवेतला आंबट धूर

पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, पापड सादळतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ पाणी ओढून घेतं. धुरातल्या बारीक कणांचंही असंच होतं. दमट हवेत ते पाणी पितात, फुगतात.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा आपला पट्टा कारखान्यांचा. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची म्हणून जी शहरं निवडली, त्यांत उल्हासनगर आणि बदलापूरही आहेत. कोळसा किंवा भट्टीचं तेल जळलं, की गंधकाचा वायू निघतो. उन्हाच्या दुपारी तो वर जाऊन पांगतो. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि धूर खालीच कोंडतो. त्यात धुकं असेल, तर थेंबांमध्ये हा वायू विरघळतो आणि आम्ल तयार होतं. १९५२च्या डिसेंबरात लंडनमध्ये अशाच धुरकट धुक्याने हजारो माणसं दगावली.

चिंचेने तांब्याचं भांडं कसं लख्ख होतं? आंबटपणा धातूवरचा थर विरघळवतो. आम्ल झालेल्या कणातही धुळीतलं लोखंड, तांबं विरघळतं, आणि विरघळलेला धातू फुप्फुसाला जास्त त्रास देतो. हवेच्या दर्जाचा आकडा कणांचं वजन सांगतो, त्यांचा आंबटपणा नाही! म्हणून आकडा बरा दिसला, तरी घसा खवखवत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

मग करायचं काय? धुक्याच्या दिवसांत फिरायला ऊन वर आल्यावर जा. घरात दम्याचं मूल किंवा वयस्क सासूबाई असतील, तर पहाटे खिडक्या बंद ठेवा, दुपारी उघडा. पहाटेची लोकल चुकवता येत नाही, तर निदान चांगला मास्क लावा. तो कण अडवतो, वायू नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. सोसायटीत पालापाचोळा जाळू देऊ नका.

आणि उग्र वास आला, तर नुसतं नाक दाबून बसू नका. १२ सप्टेंबर २०२४च्या रात्री अंबरनाथमध्ये एमआयडीसीतून रासायनिक वायू पसरला, तेव्हा लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला. वास कधी, कुठे आला, हवा दमट होती का, हे वहीत टिपून ठेवा. महिला मंडळातल्या दहाजणींच्या अशा नोंदी घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेलात, तर तक्रारीला वजन येईल. दुधाचा, गॅसचा हिशेब आपण ठेवतोच की. आता श्वासाचाही ठेवूया!