वजनाप्रमाणे मात्रा

आमच्या आळंदच्या वाड्यात एक नियम कित्येक वर्षे निमूटपणे पाळला जात असे. अण्णांनी रेकॉर्ड लावली की माडीवर कोणी पाऊल टाकायचे नाही. माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या अंथरलेली. कोणी नुसते खिडकीपर्यंत गेले तरी सुई टुणकन उडे आणि पंडित भीमसेन जोशींचा अभंग एका ओळीवरून भलत्याच ओळीवर जाऊन पडे. आई चहाचा पेला जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून परत फिरे. मराठी अभंग आणि कन्नड दासपदे ह्यांच्या तबकड्या त्या माडीवर एकाच फळीवर राहत आल्या. सीमाभागातल्या घरात त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी तिच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तीन आठवडे राहायला आली. पणतू दिवसभर माडीवर. त्या तीन आठवड्यांत अण्णांनी एकही रेकॉर्ड लावली नाही, हे माझ्या ध्यानात आले ते ती मंडळी परत निघायच्या आदल्या दिवशी. विचारले, तर चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा म्हणाले, "एवढ्याशा पोराला चालू नको म्हणून कसं सांगायचं?" जन्मभर मुलांना तपासत आलेल्या मला ते वाक्य चांगलेच लागले.

त्याच रात्री मी टर्नटेबल उलटे करून पाहिले. चाळीस वर्षांहून जुने जपानी यंत्र. चार पायांपैकी दोघांचे रबर दगडासारखे कडक झालेले, तिसरे गुळासारखे बोटाला चिकटणारे, आणि चौथ्याच्या जागी सलाईनच्या बाटलीचे रबरी बूच! ते मीच हाउसमन असताना बसवले होते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रबराचे ह्याहून निराळे काय व्हावयाचे?

येथे वाचकांना थोडे सांगणे अवश्य आहे. लाँगप्ले तबकडीची खाच सुमारे पन्नास मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक. त्या खाचेतून सुई साधारण दोन ग्रॅम भाराने फिरते. सुईला खाचेतले कंपन तेवढे हवे असते. पण जमिनीचे, मोटरचे, स्पीकरचे कंपनही तिला तितक्याच निष्ठेने टिपता येते. ह्यातले बाहेरून येणारे कंपन वाटेत अडवणे हे पायांचे काम. म्हणजे पाय हे केवळ टेकू नव्हेत.

पहिली चूक मी कलबुर्गीच्या बाजारात केली. पंप आणि जनरेटरखाली घालायचे रबरी माउंट मिळतात, ते चार आणले. भक्कम दिसले म्हणून घेतले. फरक शून्य. कारण साधे होते: एकेका पायावर चाळीस किलो यावेत अशा हिशेबाने घडवलेले रबर दोन किलोंखाली दबतच नाही; आणि जे दबत नाही ते काही अडवतही नाही. दुसरी चूक उलट दिशेची. स्प्रिंगचे मऊ पाय मागवले. ते बसवल्यावर मी खोलीत दोन पावले चाललो आणि सगळे यंत्र होडीसारखे डुलू लागले. अण्णा म्हणाले, "आधी सुई उडायची, आता मशीनच नाचायला लागलं की."

मग मात्र मला माझी स्वतःची लाज वाटली. मिलिग्रॅम प्रति किलो हा हिशेब केल्याशिवाय मी मुलाला साधे पॅरासिटामॉल लिहून देत नाही, आणि इथे वजन न करताच औषध चालू केले होते.

दुसऱ्या रविवारी दवाखान्यातला बाळांचा वजनकाटा आळंदला नेला. एक पाय काट्यावर, उरलेले तीन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर, आणि पाणसळ लावून यंत्र समतल. असे आळीपाळीने चारही पाय तोलले. (उंची सारखी नसेल तर आकडे फसवतात; तीन पायांचे स्टूल कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचे डुगडुगते, त्यातलाच हा प्रकार.) आकडे आले २.१, २.०, २.९ आणि २.२ किलो, बेरीज ९.२, आणि अख्ख्या यंत्राचे वजनही तेवढेच. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर ज्या कोपऱ्यात, तिथे जवळजवळ दीडपट भार. चौघांना एकच मात्रा देणे चुकीचे होते.

आता मात्रा किती, हे ठरवायला एक सोपे गणित आहे. पाय भाराखाली जितके मिलिमीटर दबतो त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५.८ ला भागावे. यंत्र त्या पायावर सेकंदाला साधारण किती वेळा डुलेल तो आकडा मिळतो. एक मिलिमीटर दबला तर सुमारे १६, चार मिलिमीटरला ८, दहाला ५. प्रत्यक्षात रबर ह्या हिशेबापेक्षा थोडे ताठच वागते. ह्या आकड्याच्या सुमारे १.४ पटीच्या वरची कंपने पाय अडवू लागतो; पण नेमक्या त्याच आकड्याजवळची कंपने तो वाढवतो! टोनआर्म आणि कार्ट्रिज ह्यांचा स्वतःचा झोका सहसा सेकंदाला ८ ते १२ असा ठेवलेला असतो. तेव्हा चार मिलिमीटर दबणारा पाय हा सर्वांत वाईट, हे आकडेच सांगतात. एक तर बराच मऊ घ्यावा, नाही तर बराच ताठ.

मऊ पायाचे काय होते ते माडीने दाखवलेच होते. चालत्या माणसाची पावले आणि फळ्यांची लवचीक जमीन ह्यांचा झोका संथ, स्प्रिंगचाही संथ, दोघांचे सूत जुळले. ह्याच पायांनी खालच्या सोप्यात, दगडी फरशीवर, कदाचित उत्तम काम केले असते. थोडक्यात, आजार पायात अर्धाच होता. उरलेला अर्धा जमिनीत.

जमीन बदलणे शक्य नव्हते, पण वाड्याची भिंत काळ्या दगडाची, दोन हात जाड. तिच्यात लोखंडी ब्रॅकेट घट्ट बसवून घेतले आणि त्यावर शहाबादी फरशी ठेवली. फरशी मुद्दाम जाड निवडली: ५० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ३ जाड, वजन सोळा किलोंच्या आसपास. आपल्या जिल्ह्याचा हा दगड सगळ्यांच्या पायाखाली असतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही. भिंतीला पावलांचे जवळजवळ काहीच कळत नाही. त्यामुळे पायांकडे उरले ते स्पीकरचे कंपन. त्याला ताठ पाय पुरतो. साधारण एक मिलिमीटर दबेल असे रबर तीन पायांना, आणि चौथ्याला त्याच जातीचे पण जाडीला तेवढेच व घेराने मोठे. १६ चा झोका टोनआर्मच्या वर राहतो, आणि सेकंदाला २३ च्या वरचे, म्हणजे स्पीकरचे बहुतेक सगळे, अडते.

बीदरच्या एका स्नेह्याने सुचवले होते की पाय बिदरी कामाचे करून घ्यावेत. जस्त आणि थोडे तांबे ह्यांचा तो मिश्रधातू, बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने काळा केलेला, त्यावर चांदीची वेल. डोळ्यांपुढे आले तेव्हा मोह झाला. पण घन धातू कंपन अडवत नाही, पुढे पोचवतो. त्या स्नेह्याकडून मी फुलदाणी घेतली.

बसवताना एक काळजी घ्यावी लागली. जुन्या पायाचा स्क्रू आधी मोजावा, मगच नवा घ्यावा. आमच्या यंत्राला ६ मिलिमीटरचे आटे लागले, पण जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे निराळे असतात आणि नवा स्क्रू जोराने पिळला तर आतले आटे कायमचे जातात. स्क्रू लांब असेल तर तो आतल्या जोडण्यांनाही टेकतो.

शेवटची तपासणी साधी आहे. तबकडी थांबलेली ठेवून सुई तिच्यावर टेकवायची, आवाज वाढवायचा आणि फरशीवर बोटाने टिचकी मारायची. पूर्वी स्पीकरमधून ढोल वाजल्यासारखा आवाज येत असे. आता एक बारीकसा ठप्पा ऐकू येतो. नाहीसा झाला नाही, अपेक्षाही नव्हती.

दिवाळीत मुलगी पुन्हा आली. अण्णांनी अभंगाची तबकडी लावली आणि पणतवाला हाक मारली. तो जिन्यावरून धावत आला, खोलीभर दोन चकरा मारल्या, खिडकीपाशी उड्या मारल्या. मी नकळत हात पुढे केला होता, सुई उचलायला. अण्णांनी माझे मनगट धरले. "राहू दे की रे," म्हणाले, आणि पोराला म्हणाले, "अजून एक चक्कर मार बघू."